बायकार्बोनेटचा रिपोर्ट कसा वाचावा

रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइडच्या खाली अनेकदा ‘बायकार्बोनेट’ किंवा ‘टोटल सीओटू’ अशी एक ओळ असते. बायकार्बोनेट म्हणजे रक्तातील आम्ल शमवणारा घटक. टोटल सीओटूमध्ये रक्तात विरघळलेला थोडा कार्बन डायऑक्साइडही मोजला जातो, त्यामुळे तो आकडा किंचित जास्त येतो; एरवी दोन्हींचा अर्थ एकच धरावा. प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारणपणे २२ ते २९ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असते. तरीही आपल्या लॅबने छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी.

आकडा कमी दिसला की ‘रक्तात आम्ल वाढले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई बहुतेक जण करतात, आणि नेमकी तीच टाळायला हवी. रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; आम्ल वाढले की तो घटतो) ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचे काम दोघांकडे असते: मूत्रपिंडे बायकार्बोनेट सांभाळतात, तर फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. एका बाजूला बिघाड झाला की दुसरी बाजू भरपाई करते. म्हणूनच फुप्फुसांच्या जुनाट आजारात कार्बन डायऑक्साइड साचलेल्या रुग्णाचे बायकार्बोनेट ३४ असू शकते, आणि गरोदर स्त्रीचे, श्वसन वाढल्यामुळे, २० असू शकते. दोन्ही ठिकाणी बायकार्बोनेटचा बदल हा मूळ बिघाड नसून शरीराने केलेली जुळवाजुळव असते.

ही शक्यता लक्षात ठेवून, बायकार्बोनेट कमी असल्यास त्याच रिपोर्टवर एक छोटे गणित करावे. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांची बेरीज वजा केली की जे उरते त्याला अ‍ॅनायन गॅप म्हणतात. तो साधारण ८ ते १२ असतो. समजा, काही दिवस जुलाब झालेल्या रुग्णाचे सोडियम १३८, क्लोराइड ११२ आणि बायकार्बोनेट १६ आहे. गॅप १० येतो, म्हणजे बायकार्बोनेट शरीराबाहेर गेले आणि त्याची जागा क्लोराइडने घेतली. आता मधुमेही रुग्णाचे सोडियम १३६, क्लोराइड ९८ आणि बायकार्बोनेट १२ असेल, तर गॅप २६ होतो. येथे रक्तात कीटोनसारखे एखादे जादा आम्ल जमले असण्याचा दाट संशय घ्यावा. वाढलेल्या गॅपमागे लॅक्टिक आम्ल, मूत्रपिंड निकामी होणे किंवा विषबाधाही असू शकते. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन कमी असेल तर गॅप खोटा कमी दिसतो. दर १ ग्रॅम प्रति डेसिलिटर घटीमागे त्यात सुमारे २.५ मिळवावेत.

आकडा जास्त असल्यास सततच्या उलट्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या ही दोन कारणे प्रथम विचारात घ्यावीत, आणि पोटॅशियमही पाहावे, कारण ते अनेकदा सोबतच घसरलेले असते.

काही वेळा दोष नमुन्याचा असतो. नळी बराच वेळ उघडी राहिली की कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. तब्येत ठीक असताना एकटाच हा आकडा थोडा खाली असेल, तर तपासणी पुन्हा करून घेणे शहाणपणाचे. खरा पीएच हवा असेल तर बहुधा मनगटाजवळच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी (आर्टेरियल ब्लड गॅस, म्हणजे धमनीतील रक्ताचा पीएच आणि वायू मोजणारी) तपासणी करतात. शिरेतून रक्त काढण्यापेक्षा ती अधिक दुखते, पण श्वसनाचा बिघाड की चयापचयाचा, हा प्रश्न तिनेच नीट सुटतो.

लिंबूपाणी किंवा ‘अल्कलाइन’ पाण्याच्या महागड्या बाटल्यांनी निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच बदलत नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात बायकार्बोनेट घटल्यास डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात खऱ्या. परंतु त्याऐवजी स्वयंपाकघरातला सोडा स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण त्यातील सोडियममुळे सूज आणि रक्तदाब वाढू शकतो. कमी बायकार्बोनेटबरोबर खोल व जलद श्वास, गुंगी, सततच्या उलट्या किंवा बरीच वाढलेली साखर असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.