लोखंडी ड्रमपासून स्मोकर कसा बनवावा

शेगडीवर मांस निखाऱ्याच्या आचेवर भाजलं जातं. स्मोकरमध्ये ते ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या गरम धुरात तासन्‌तास शिजतं. एवढी कमी आच पाच-सहा तास टिकवायची तर आगीला हवा मोजूनच द्यावी लागते. लोक पत्र्याची जाडी, चाकं आणि रंग यांवर पैसे घालतात, पण झाकणाच्या फटीकडे बघत नाहीत. हवा पूर्ण बंद करता येत नसेल तर तो स्मोकर नाही, उंच शेगडी आहे.

ड्रम

२०० लिटरचा, रिंगने आवळायच्या सुट्या झाकणाचा ड्रम घ्या. व्यास साधारण ५७ सेंटिमीटर, उंची ८८. फळांच्या पल्पचे ड्रम सर्वांत चांगले, कारण माल आतल्या पिशवीत असतो आणि पत्र्याला लागत नाही. मात्र ते बरेचदा खाली निमुळते असतात, म्हणून जाळी माप घेऊनच बनवा. रसायन, कीटकनाशक किंवा थिनरचा ड्रम कितीही धुतला तरी चालत नाही. वरून बंद असलेला ड्रम फुकट मिळाला तरी नको. आत जुन्या मालाची पेट घेणारी वाफ उरली असेल तर ग्राइंडरच्या ठिणगीने स्फोट होतो, आणि कापलेलं झाकण पुन्हा नीट बसत नाही ते वेगळंच.

आतला पत्रा उघडा असावा. तपकिरी किंवा पिवळसर लेप दिसला तर मोकळ्या जागी, झाकण आणि रबर काढून, लाकडाचा मोठा जाळ करून तो पूर्ण जाळा आणि तारेच्या ब्रशने घासा. त्या धुरात उभे राहू नका.

आतलं सामान

निखाऱ्याची टोपली ३५ सेंटिमीटर व्यासाची, २५ उंच, ८ सेंटिमीटरच्या पायांवर. खाली राखेसाठी ताट. मांसाची जाळी काठापासून १८ सेंटिमीटर खाली, चार स्टेनलेस बोल्टवर टेकवलेली. ६ मिलिमीटरच्या स्टेनलेस सळईची, ५५ सेंटिमीटर व्यासाची जाळी ग्रिलवाला वेल्डिंग करून देतो. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीला गेलात की चकचकीत गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, जाळी स्वस्तात दिसेल. ती घेऊ नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि निखाऱ्याजवळची आच त्याहून खूप जास्त असते. टोपलीला तर जस्त अजिबात नको.

हवा

सगळा स्मोकर इथेच जमतो किंवा बिघडतो.

तळापासून ५ सेंटिमीटरवर, सारख्या अंतरावर, पाऊण इंची तीन भोकं पाडा. तिन्हींत काळ्या लोखंडाचे निपल, म्हणजे चुडी (आटे) पाडलेले आखूड पाइप, बसवा: दोघांना टोपी, एकाला पितळी बॉल व्हॉल्व्ह. धूर बाहेर जायला झाकणावरचं २ इंची बुचाचं भोक पुरेसं आहे. हिशेब करून बघा: खालच्या तीन भोकांचं क्षेत्रफळ मिळून १.३ चौरस इंच, वरच्या एकाचं ३.१. वरचं नेहमी मोठं हवं. शिजवताना ते पूर्ण उघडं ठेवा आणि आच फक्त खालून आवरा. वरचं भोक दाबून आच कमी करायचा सल्ला कुणी देईल. त्याने धूर आत कोंडतो, मांसावर काजळी बसते आणि जिभेला कडू लागतं.

आता झाकण. त्याच्या कडेला रबराची गॅस्केट असते. ती वितळते, वास मारते, म्हणून काढावीच लागते. ती काढली की रिंग आवळूनही दोन-तीन मिलिमीटरची फट उरते. सबंध घेरावर ही फट म्हणजे खालच्या तिन्ही भोकांपेक्षा मोठं भोक. खालचे निपल बंद करूनही थर्मामीटरचा आकडा १५० वर जातो, माणूस व्हॉल्व्ह बदलतो, कोळसा बदलतो, आणि दोष फटीतच राहतो. रबराच्या जागी ८ मिलिमीटरची ग्लास फायबर दोरी लावा. बॉयलरचं सामान विकणाऱ्यांकडे ती मिळते. ॲस्बेस्टॉसची दोरी दुकानदार तिच्यासारखीच म्हणून देईल; ती घेऊ नका, तिचे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो. दोरी उच्च तापमानाच्या लाल सिलिकॉनने चिकटवा, झाकण रिंगने आवळून एक दिवस सोडा. निपलच्या चुडीभोवतीही तेच सिलिकॉन, बाहेरच्या बाजूने.

मग परीक्षा घ्या, मांस न ठेवता. टोपलीत निखारे पेटवून आकडा १२० वर आणा आणि खालचं-वरचं सगळं बंद करा. आकडा सतत उतरत राहिला तर काम झालं. ९०च्या आसपास अडकून बसला तर कुठून तरी हवा जाते आहे. धुराची बारीक रेघ कुठून निघते ते बघा, तिथे सिलिकॉन भरा, पुन्हा परीक्षा घ्या. ही पास होईपर्यंत मटण आणू नका.

चढती आच थांबवणं सोपं, चढलेली उतरवणं फार कठीण. म्हणून ९० अंशांवरच टोप्या लावायला लागा आणि ११०च्या पुढे एकट्या व्हॉल्व्हवर चालवा. झाकण उघडलं की आत हवा भरते आणि बंद केल्यावर काही मिनिटं आकडा उसळतो. तेव्हा व्हॉल्व्हला हात लावू नका, तो आपोआप बसतो. आणि नागपुरातल्या एप्रिल-मेच्या दुपारी, गरम वारा सुटलेला असताना, व्हॉल्व्हचं तोंड वाऱ्याकडे ठेवलंत तर तो भात्यासारखा आग फुंकतो. तोंड आडोशाला वळवा.

थर्मामीटर

झाकणावरच्या काट्यावर विश्वास नको. मांसाच्या जाळीच्या पातळीवर प्रोब, म्हणजे थर्मामीटरची तापमान मोजणारी सळई, ठेवा. आधी तो उकळत्या पाण्यात तपासा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे आकडा १०० नव्हे, ९९ यायला हवा.

कोळसा आणि लाकूड

लोणारी कोळसा, बाभळीचा मिळाला तर उत्तम. दगडी कोळसा कधीही नाही. उमरेड, सावनेरकडे तो सहज मिळतो म्हणून कोणी आणून देतो, पण त्यातल्या गंधकाचा धूर अन्नाला लागतो. टोपलीत तीन-चार किलो न पेटवलेला कोळसा भरा आणि वरून दहा-बारा पेटते निखारे ठेवा. आग हळूहळू खाली जाते.

धुरासाठी काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतलं लाकूड घ्या. सल काढताना निघालेल्या फांद्या सावलीत पूर्ण वाळवून मुठीएवढे चार-पाच तुकडे पुरतात. बोर्डो पेस्टचा निळसर थर असलेलं खोड टाळा, त्यात मोरचूद असतं. कडुनिंब कडू, सागवान तेलकट, प्लायवूडमध्ये गोंद: तिन्ही नकोत. लाकूड पाण्यात भिजवू नका. पाणी आटेपर्यंत नुसता पांढरा, बोचरा धूर येतो. मांस ठेवायचं ते धूर पातळ, निळसर झाल्यावरच.

पहिली भट्टी

आतून खाद्यतेलाचा पातळ हात फिरवून १३० अंशांवर तीन तास रिकामा चालवा. रंग फक्त बाहेरून, उष्णतारोधक. पहिल्यांदा कोंबडीच करा: सर्वांत जाड भागात ७४ अंश झाले की तयार. मटणाचा पुढचा पाय ९० अंशांच्या वर गेल्याशिवाय मऊ होत नाही. ६५-७०ला आकडा तासभर अडकतो तो मांसातलं पाणी उडतं म्हणून. घाबरून हवा वाढवू नका.

खोलीत, बंद गॅलरीत किंवा शेडखाली पेटवू नका, कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विझवायचं तर पाणी न ओतता सगळं बंद करा. उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो. राख पूर्ण थंड झाल्यावर, दुसऱ्या दिवशी काढा, आणि पावसाळ्यात ती त्यापुढे एक दिवसही आत ठेवू नका: ओली राख ड्रमचा तळ खाते.