उद्यमबागेतून जेबेल अलीला
बेळगावच्या उद्यमबागेत माझी फाउंड्री आहे. दुबईत कंपनी काढायची तर आधी गिऱ्हाईक कुठलं ते ठरवा. 1985 पासूनच्या, दुबईच्या बंदरालगतच्या जेबेल अली फ्री झोनमध्ये (करसवलतीच्या मुक्त व्यापार क्षेत्रात) 100 टक्के मालकी आपलीच राहते, म्हणून परदेशी भांडवल तिथं जातं. माल पुढं आफ्रिकेला धाडणार असाल तर उत्तम. झोनबाहेर दुबईतच विकलात तर साधारण 5 टक्के सीमाशुल्क धरून चाला.

कागदांत घाई नको. माझा एक दाखला कन्नडमध्ये होता. भाषांतर नाही म्हणून परत आला, तीन आठवडे गेले. आधी भाषांतर, नोटरी, मग परराष्ट्र मंत्रालय, त्यानंतर यूएईचा दूतावास.

‘टॅक्स शून्य’ म्हणणाऱ्या एजंटावर विसंबू नका. 2023 पासून 9 टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे. झोनमधल्या कंपनीला शून्य दर मिळतो तो फक्त पात्र उत्पन्नाला, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या व्यवहारांतल्या कमाईला. आणि पैसे पाठवण्याआधी इथल्या बँकेत फॉर्म एफसी, म्हणजे परदेशी गुंतवणुकीचा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म, भराच.