गुगलवर पान सापडतच नाही? क्रमांकाच्या मागे लागण्याआधी या चुका टाळा

नाशिकमधील लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे सांभाळताना "आमचे रँकिंग वाढवून द्या" ही मागणी नेहमी कानावर पडते, परंतु बहुतेक वेळा प्रश्न रँकिंगचा नसतोच. ज्या पानाचा क्रमांक वर न्यायचा आहे, ते पान गुगलच्या नोंदीत, म्हणजे इंडेक्समध्ये, दाखलच झालेले नसते, आणि हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलाचा वर्गात कितवा नंबर हे विचारण्यात काही अर्थ नसतो. दुखणे न तपासता औषध सुरू करणे ही या कामातील पहिली आणि सर्वांत खर्चिक चूक आहे.

तपासणी अवघड नाही. गुगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द लिहावा, त्याला लागून अपूर्णविरामाचे चिन्ह द्यावे आणि मध्ये जागा न सोडता आपल्या पानाचा पत्ता टाकावा. यावरून अंदाज येतो. खात्रीसाठी मात्र 'सर्च कन्सोल' हे गुगलचे मोफत साधन उघडून त्यातील 'यूआरएल इन्स्पेक्शन'मध्ये तोच पत्ता तपासावा. तेथे येणारे दोन शेरे लोक एकच समजतात आणि फसतात. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' याचा अर्थ गुगलला पत्ता ठाऊक आहे, पण त्याने अजून पान उघडलेले नाही. अशा वेळी साइटच्या मुख्य पानांवरून त्या पानाकडे दुवे आहेत का ते पाहावे. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' याचा अर्थ पान वाचून झाले, पण नोंदीत घेतले नाही. तेथे मजकुराकडेच कठोर नजरेने पाहावे लागते. दोन्ही वेळी 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग'चे बटण रोज दाबल्याने काम लवकर होत नाही. एकदा विनंती करावी आणि काही दिवस ते काही आठवडे थांबण्याची तयारी ठेवावी.

स्वतःच लावलेली कडी

वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या प्रणालीच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग' या भागात एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण केली की शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये, अशी सूचना पानांमधून दिली जाते. साइट बांधून होईपर्यंत ही खूण ठेवणे सोयीचे असते आणि साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते. ही चूक मी स्वतः केलेली आहे. भांडी बाजारातील एका जुन्या दुकानाची साइट मी नव्याने उभी केली, तांब्या-पितळेच्या प्रत्येक भांड्याचे वेगळे पान केले, आणि दोन महिने मालकांना "गुगलला वेळ लागतो" असे सांगत राहिलो. शेवटी तो चौकोन दिसला तेव्हा त्यांच्यासमोर मान खाली घालण्यावाचून पर्याय नव्हता. तेव्हापासून साइट सुरू करताना मी सर्वांत आधी 'रीडिंग'चा तो भाग उघडतो.

याच प्रकारातली दुसरी चूक रोबोट्स फाइलची आहे. ही फाइल गुगलच्या बॉटला, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या त्याच्या प्रोग्रॅमला, पान वाचण्यापासून अडवते, तर 'नोइंडेक्स'ची खूण वाचलेले पान नोंदवू नको असे सांगते. एखादे पान निकालांतून काढण्यासाठी काही जण दोन्ही उपाय एकदम करतात. पण बॉटला पान वाचताच येत नसेल तर त्यावरची 'नोइंडेक्स'ची खूण त्याला दिसणार तरी कशी? नवीन साइट करताना पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे आपोआप नेणारे कायमस्वरूपी म्हणजे ३०१ रीडायरेक्ट दिले नाही, तर वर्षानुवर्षे मिळवलेली ओळखही अशीच हातची जाते.

मराठी दिसते, पण मराठी नसते

ही अडचण इंग्रजी लेखांत सापडत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी संगणकी पद्धत, रुळण्याआधी छपाईसाठी आणि साइटसाठी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे फाँट सर्रास वापरले जात, आणि जुन्या पानांवर ते आजही आढळतात. या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकाने साठवलेली अक्षरे रोमन असतात. कृतिदेवमध्ये टंकलेला 'नाशिक' हा शब्द शोधयंत्राच्या लेखी यू, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के आणि डी एवढाच असतो. जगात कोणीही असा शब्द शोधणार नाही, त्यामुळे मजकूर कितीही चांगला असला तरी पान शोधात येत नाही. पडताळणीसाठी पानावरचे एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावे. तेथे अर्थहीन रोमन अक्षरे उमटली तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांची त्यांत हमखास मोडतोड होते, म्हणून ओळ न् ओळ तपासल्याशिवाय ते पान चढवू नये. पीडीएफ फाइलींनाही हीच कसोटी लावावी.

याचेच आजचे रूप म्हणजे व्हॉट्सॲपसाठी केलेली जाहिरात पानावर चित्र म्हणून लावून देणे. दर, वेळ, पत्ता सगळे चित्रात आणि पानावर मात्र एक ओळही नाही, असे असेल तर गुगलच्या हाती फारसे काही लागत नाही. तोच मजकूर खाली अक्षरांत लिहावा.

मालकाचे शब्द आणि गिऱ्हाइकाचे शब्द

पान नोंदीत असूनही त्याच्याकडे कोणी फिरकत नसेल, तर दोष बहुधा शब्दांचा असतो. भांडी बाजारातील त्याच दुकानाच्या पानांवर आधी "ताम्रपात्रे" आणि "पारंपरिक धातुकलेचा वारसा" असे भारदस्त शब्द होते. सर्च कन्सोलच्या 'परफॉर्मन्स' अहवालात लोकांनी टंकलेले शब्द पाहिले तेव्हा तेथे "तांब्याची घागर", "पितळेचे पातेले", "कल्हई कुठे करून मिळेल" असे शोध दिसले. मग आम्ही पानाचे शीर्षक साधे केले आणि कल्हईवर वेगळे पान लिहिले: ती का लागते, आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात का ठेवू नयेत, ती उडाल्याचे कसे ओळखावे. दुकानदाराला हे सगळे तोंडपाठ होते, पण ते लिहिण्याजोगे आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

याउलट पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी 'कीवर्ड'ची मेटा खूण शब्दांनी ठासून भरण्यात वेळ घालवू नये, कारण रँकिंगसाठी आपण ती वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. सातपूर, अंबड, इंदिरानगर, नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प अशा प्रत्येक भागासाठी फक्त गावाचे नाव बदलून एकच मजकूर चढवणे त्याहून वाईट. गुगलच्या धोरणात अशी पाने स्पॅम ठरतात. क्रमांक वाढावा म्हणून इतर साइटवर विकत घेतलेल्या दुव्यांविषयीही माझे मत तेच आहे. गुगलने आपल्या रँकिंग पद्धतीत केलेल्या २०१२ च्या 'पेंग्विन' बदलापासून त्यांची जोखीम उघड आहे, तरीही "महिन्यात पहिले पान" अशी हमी देणारे फोन रोज येतात, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगते.

वेगाबाबत एवढेच सांगतो, की मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा ही गुगलची अपेक्षा आहे आणि मोबाइलमधले मोठे फोटो आकार कमी न करता चढवले की ती पूर्ण होत नाही. मात्र नोंदीत नसलेल्या पानाचा वेग वाढवत बसण्याने काहीही साध्य होत नाही. गुगल आता पानाची मोबाइल आवृत्तीच वाचते, त्यामुळे मोबाइलवर जागा वाचवण्यासाठी गाळलेला मजकूर त्याच्या दृष्टीने नसतोच.

दुकानाची गुगलच्या नकाशावरील नोंद हा वेगळा विषय आहे. तेथे शोधाशी जुळणे, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात. नावात "नाशिकमधील सर्वोत्तम" अशी भर घातल्याने नोंद निलंबित होऊ शकते. पाटीवर असेल तेच नाव द्यावे.

आता २०२७ च्या सिंहस्थामुळे पंचवटीतील लॉज आणि यात्री निवास चालवणारे नवी पाने करण्याच्या घाईत आहेत. त्यांनी पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नये. पत्ता कायम ठेवावा, वर्ष फक्त शीर्षकात आणि मजकुरात बदलावे, आणि गर्दी सुरू होण्याच्या कितीतरी महिने आधी ते पान चढवून सर्च कन्सोलमध्ये त्याची नोंद झाल्याचे डोळ्यांनी पाहून घ्यावे.