नैरोबीहून मुंबईला निघताय? यलो कार्डाच्या या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. नैरोबीतली निम्मी मराठी मंडळी डिसेंबरची तिकिटं काढून बसलेली असतात आणि मग विचारणा होते, "ते यलो फिव्हरचं खरंच लागतं का हो?" निघायला तेव्हा जेमतेम आठवडा उरलेला असतो.

लागतं. यलो कार्ड म्हणजे यलो फिव्हरची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या पिवळ्या तापाची, लस घेतल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. घोटाळा असा होतो की लोक इंटरनेटवर वाचतात, फक्त नैरोबी शहरात किंवा मोम्बासात राहणाऱ्या प्रवाशाला ही लस सहसा सुचवली जात नाही. ते खरंच आहे. पण तो सल्ला तुमच्या तब्येतीपुरता. मुंबईच्या विमानतळावरचा आरोग्य अधिकारी तुमचं शहर बघत नाही, देश बघतो, आणि या रोगाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत केनिया आहे. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. एक आजारी माणूस आत आला तर काय होईल, ही त्यांची भीती आहे आणि मला ती रास्त वाटते. २०१६ मध्ये अंगोलाहून परतलेल्या ११ जणांबरोबर हा रोग चीनमध्ये पोचला होता. केनियातही २०२२ मध्ये इसिओलो भागात साथ जाहीर झाली होती.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: "लस घेतली ना, झालं!" नाही झालं. कार्ड लागू होतं ते टोचल्यापासून दहा दिवसांनी.

आमच्याकडे कऱ्हाडचा एक मुलगा होता, नैरोबीत नवाच आलेला. भावाचं लग्न ११ तारखेला. मी महिनाभर आधी सांगितलं होतं, "आधी लस, मग खरेदी." त्याने आधी खरेदी केली. २ तारखेला लस घेतली, ६ तारखेच्या रात्रीचं विमान. नैरोबीच्या काउंटरवर कार्ड आहे एवढंच बघितलं आणि सोडलं. मुंबईत मात्र अधिकारीबाईंनी बोटांवर दिवस मोजले. कार्ड लागू होणार १२ तारखेला. हा म्हणतो, "मॅडम, लस तर अंगात गेलीय ना!" त्यांनी सरळ क्वारंटाइनमध्ये पाठवलं. हा नियम सहा दिवसांपर्यंतचा आहे, कारण रोग अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. भावाची हळद त्याने खोलीत बसून फोनवर बघितली. स्वाहिलीत या रोगाला 'होमा या मन्जानो' म्हणतात. मन्जानो म्हणजे पिवळा, आणि हळदसुद्धा. हे मी त्याला परत आल्यावर सांगितलं. त्याला हसू आलं नाही.

माझी स्वतःची सवय सांगते. नवीन कोणी आलं की पहिल्या महिन्यातच त्याला लस घ्यायला लावते, तिकीट असो-नसो. एकदा घेतली की जन्मभराची चिंता मिटते.

दुसरी चूक आईवडिलांची. म्हणजे करतो आपण, भोगतात ते. सांगलीहून आईबाबांना मसाई मारा दाखवायला बोलावतो. भारतातून थेट येणाऱ्याला केनिया हे कार्ड मागत नाही, म्हणून आपण निर्धास्त. पण परत जाताना ते केनियातून भारतात शिरणार असतात! ऐन शेवटच्या आठवड्यात हे लक्षात येतं आणि मग बाबांना इथल्या दवाखान्यात धावत नेणं होतं. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाचा धोका थोडा वाढतो. त्यामुळे त्यांना ओळखणाऱ्या, त्यांच्या गोळ्या माहीत असलेल्या डॉक्टरांशी आधी बोलायला हवं. भारतात ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, गल्लीतल्या दवाखान्यात नाही. उघडलेली कुपी काही तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून केंद्रं माणसं जमवून ठरलेल्या दिवशीच टोचतात. दोन महिने हाताशी ठेवा. डॉक्टर नको म्हणाले तर तसं सही-शिक्क्याचं पत्र घ्या, पण त्याच्या भरवशावर घट्ट कार्यक्रम आखू नका. ते मानायचं की नाही, हे पुढच्या देशाचा अधिकारी ठरवतो. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही सरळ मारा रद्द केलं आणि आम्हीच सांगलीला गेलो.

बाकीच्या पटापट सांगते.

अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं: नर्सने विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा.

मुलांची गोवराची लस जवळ आली असेल तर दोन्हींत चार आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्ही जिवंत विषाणूंच्या लशी आहेत. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस सहसा देत नाहीत, तेव्हा तान्ह्याला घेऊन जाणाऱ्यांनी नियम आधीच विचारून घ्यावा.

प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळं. आईच्या कार्डात भागत नाही.

साथीच्या दिवसांत कुठे कुठे अर्धीमुर्धी मात्रा देतात. ती प्रवासाच्या कार्डाला चालत नाही.

पासपोर्टवर माहेरचं नाव आणि कार्डावर सासरचं, हा तर आपला राष्ट्रीय छंद आहे. मी टेबलावरून उठायच्या आधी तिथेच वाचून घेते: पासपोर्टप्रमाणे नाव, तारखेतला महिना अक्षरात, लशीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि शिक्का. सही नसेल तर नुसता शिक्का चालत नाही. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

"हजार शिलिंगात कार्ड मिळतं, टोचायचीही गरज नाही" असं सांगणारे महाभाग आहेत. माझ्याकडे असल्या शॉर्टकटबद्दल विचारू नका, मी फोन ठेवते.

आणि कार्डावर काहीही खरडू नका. ११ जुलै २०१६ पासून या लशीचं कार्ड आयुष्यभर चालतं, आधी घेतलेलंसुद्धा. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ते बदलून घ्यावं लागत नाही. मंडळातल्या एका काकांना हे पटेना. त्यांनी ती तारीख खोडून वर निळ्या पेनने 'आजीवन' लिहिलं, तेही देवनागरीत. खाडाखोड केलेलं कार्ड रद्द ठरू शकतं, हे त्याच कार्डावर छापलेलं असतं. काकांनी बासष्टाव्या वर्षी पुन्हा दंड पुढे केला, दोन दिवस अंग दुखत पडून राहिले, आणि आता गणपतीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की लस दर दहा वर्षांनी घ्यावीच लागते.