कळंब्याच्या काठी कुत्र्याला घेऊन जाण्यापूर्वी

गारगोटी रस्त्यावरचा कळंबा तलाव कोल्हापूरपासून इतका जवळ आहे, की तिथे कुत्र्याला न्यायला वेगळी तयारी कशाला हवी, असे मलाही पहिल्या वर्षी वाटले होते. आमच्या तांबूला घेऊन चार हिवाळे तिथे गेल्यानंतर माझे मत बदलले आहे. पुढील तयारी मी आता एक आठवडा आधीपासून करतो.

प्रथम जागेविषयी. राधानगरी अभयारण्यात पाळीव कुत्रा नेण्याचा विचारही करू नये. १९५८ पासून गव्यांसाठी राखलेले ते जंगल आहे, आणि कुत्र्यांमधील डिस्टेंपरचा विषाणू वन्य मांसाहारी प्राण्यांना लागू शकतो. २०१८ साली गीरमध्ये मेलेल्या सिंहांमध्ये तो आढळला होता. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे बुजऱ्या कुत्र्याला तिथे त्रासच होतो. त्या मानाने कळंब्याचा काठ शांत आहे. मात्र तिथे पोहोचल्यावर लावलेले फलक वाचावेत आणि कुत्र्याला मनाई असलेल्या भागात जाऊ नये.

निघण्यापूर्वी लसीकरणाची वही उघडून रेबीजची वार्षिक लस झाली आहे ना, हे पाहावे. लेप्टोस्पायरोसिसची लसही तितकीच महत्त्वाची आहे, कारण हा आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून होतो व कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. गोचीड प्रतिबंधक औषध मानेवर थेंब टाकून लावायचे असेल, तर ते तीन-चार दिवस आधीच लावावे, म्हणजे ते अंगात नीट मुरेल.

सर्वांत जास्त विचार पट्ट्याचा करावा. सुमारे दोन मीटर लांबीचा, न ताणणारा, जाड पट्टा आणि गळ्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस घ्यावा. बटण दाबताच लांब होणारी दोरी इथे नको. याचे कारण टिटवी आहे. ती घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये साधारण चार ठिपकेदार अंडी घालते, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्यापर्यंत तलाव आटून उघडी पडलेली जमीन तिला फार सोयीची असते. एका मार्चमध्ये तांबू एकाएकी थबकली, तिने पुढचा एक पाय उचलला, आणि डोक्यावर दोन टिटव्या ओरडत घिरट्या घालू लागल्या. मी खाली पाहिले, तर तिच्या नाकापासून हातभर अंतरावर मातीच्याच रंगाची तीन अंडी होती. पट्टा हातात होता म्हणून अंडी वाचली. हिवाळ्यात पाण्यावर वारकरी नावाचे पाणपक्षी आणि पाहुणी बदके असतात. कुत्रा पाण्यात धावला तर सारा थवा उठतो, आणि चरण्याचा त्यांचा वेळ वाया जातो.

पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. मध्यम आकाराच्या कुत्र्याला सकाळच्या फेरीसाठी दीड लिटर पुरते. सोबत पसरट भांडे ठेवावे. साचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसल्यास ते नीलहरित शेवाळ असू शकते, आणि त्यातील विष कुत्र्याच्या यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर काही तासांतच परिणाम करते. शिवाय या तलावाचे पाणी माणसे पितात, म्हणून कुत्र्याला त्यात धुऊ नये आणि त्याची विष्ठा उचलण्यासाठी चार-पाच पिशव्या खिशात ठेवाव्यात. ही विष्ठा पुरून टाकावी असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही, ती घरी परत आणावी.

ऑक्टोबरनंतर गवत वाळले की कुसळांचा त्रास सुरू होतो. कुसळ केसांत शिरते आणि त्यावरील उलट्या काट्यांमुळे ते पुढेच सरकत राहते. तांबूच्या कानात गेलेले कुसळ डॉक्टरांना चिमट्याने काढावे लागले होते, आणि तोवर दोन दिवस ती मान वाकडी करून बसत होती. लांब केसांच्या कुत्र्याचे कान व बोटांमधील केस आधीच कापून घ्यावेत आणि उंच गवतातून न चालता बांधावरूनच चालावे. त्याच गवतात घोणस असते; दंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट बांधू नये, कुत्र्याला न चालवता उचलून थेट दवाखाना गाठावा. त्यासाठी जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक आणि रविवारच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवाव्यात.

परतताना मिसळ खाण्यासाठी थांबणे ओघानेच येते. कटात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या लाल रक्तपेशी नष्ट करतो, म्हणून पावाचा तुकडाही रश्शात बुडवून देऊ नये. त्याच्यासाठी साधा भात किंवा उकडलेले अंडे डब्यात न्यावे.

घरी पोहोचताच अंगण ओलांडण्यापूर्वी ओल्या कापडाने पंजे पुसावेत, आणि मग कानांची आतली बाजू, बोटांच्या फटी, काखा व शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवून गोचीड आणि कुसळे शोधावीत. आम्हाला याला वीस मिनिटे लागतात, आणि तांबू तोवर पाय वर करून पडून राहते.