लग्नात गोधडी देताय? मग या चुका टाळा

रुखवतात मांडलेली गोधडी झकासच दिसते. तिची खरी परीक्षा होते पहिल्या धुण्याला. आपल्याकडे बरीचशी लग्नं भर उन्हाळ्यात, त्यामुळे हौसेने शिवलेली गोधडी दिवाळीपर्यंत कपाटातच असते. थंडीत वापरली, मग धुतली, आणि तेव्हा कळतं की लालचा रंग पांढऱ्यावर उतरलाय अन् मधल्या भागात चुण्या पडल्यात. तोवर नवरी पुण्याला नाहीतर सुरतेला संसारात रमलेली. तक्रार कोण करणार?

कापडाची भेसळ

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. आजीच्या काळी घरात लुगडी-धोतरं सुती असायची, कुठलंही फाडा, चालून जायचं. आता कपाटातल्या निम्म्याअधिक साड्या सुरतेच्या पॉलिस्टरच्या. सुती कापड धुतल्यावर आटतं, पॉलिस्टर तसंच राहतं. दोन्ही शेजारी जोडली की शिवणीपाशी कापड गोळा होणारच.

हाताला फरक कळत नसेल तर काठाचे दोन-तीन धागे ओढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ, फुंकर मारली की उडते. पॉलिस्टर आधी आकसतं, मग वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. टेरिकॉटमध्ये दोन्ही असतं, जळतंही आणि टोकाला गाठही राहते. ते बाजूला ठेवा. सगळीच गोधडी पॉलिस्टरची केली तर चुण्या पडणार नाहीत हे खरं, पण पांघरणाऱ्याला घाम फुटेल.

जुनं सुती कापड आटून झालेलं असतं, नवं नाही. नवं मीटरमागे तीन-चार सेंटीमीटर सहज आटतं. म्हणून आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा.

रंग

लाल, मरून आणि गडद निळा, या तिघांवर भरवसा नको. पांढरा फडका ओला करून तुकड्यावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत कापड धुत राहा, तरीही उतरत असेल तर बाद करा. मिठाच्या नाहीतर व्हिनेगरच्या पाण्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. बाजारच्या रंगीत सुती कापडावर त्याचा उपयोग होत नाही.

तयार गोधडीवर रंग उतरलाच, तर ती वाळू देऊ नका. तशीच ओली परत भरपूर गार पाण्यात बुडवा, पाणी बदलत राहा. एकदा वाळून इस्त्री फिरली की डाग निघणं कठीण.

कापणं, जोडणं

त्रिकोणी तुकड्याची एक बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी, येते, आणि उरेब बाजू ओढली की ताणते. पहिल्यांदाच करत असाल तर चौकोनच बरे. शिवणीला पाव इंच सोडताय तर सगळीकडे पाव इंचच. एका शिवणीत दोन्ही तुकडे मिळून सूतभर, म्हणजे एक अष्टमांश इंच इकडे-तिकडे झालं, तर बारा शिवणींत दीड इंचाचा घोळ होतो आणि ओळी जुळत नाहीत.

काठाची पट्टी लावताना गोधडीच्या कडेचं माप घेऊ नका, कड ताणलेली असते. मधोमध माप घ्या, तेवढीच पट्टी कापा. नाहीतर काठ लाटांसारखा उठतो.

थर आणि टाके

खालचं अस्तर जमिनीवर ताणून पसरवा, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, डबे, काय असेल ते ठेवा. वीतभर अंतरावर कच्चे टाके घातल्याशिवाय पक्की सुई हातात घ्यायची नाही. जुन्या बायका कडेने सुरू करून आत येतात. पातळ साड्यांच्या थरांना ते जमतं, कारण कच्चे टाके दाट असतात. आत कापूस भरला असेल तर मात्र मधून सुरू करून बाहेर जा, नाहीतर मध्ये फुगवटा अडकतो. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा गुंततो आणि विरतो. अधूनमधून एक उलटा टाका टाका, म्हणजे दोरा तुटला तरी ओळ उसवत नाही.

ज्याचा विचार कोणी करत नाही

वजन. सहा-सात थरांची डबल गोधडी ओली झाली की दोघांना पिळायला लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या जोडप्याला ती मशीनमध्ये मावेल अशीच करा, तीन-चार पातळ थर पुरतात.

दुसरं, माणसं. काही घरांत आहेरात काळा तुकडा चालत नाही, काहींना जुनं कापडच नको असतं. मुलीच्या आईला किंवा फुईला, म्हणजे आत्याला, आधीच विचारा. गेलेल्या माणसाचं लुगडं घालायचं असेल तर नक्कीच विचारा. कुणाला ते फार जवळचं वाटतं, कुणाला लग्नात अजिबात नको.

आणि तारीख. मे महिन्यातलं लग्न असेल तर दिवाळीनंतर लगेच सुरुवात करा. एप्रिलच्या उन्हात घामेजल्या हाताने सुई सरकत नाही, वर फिक्या कापडावर डाग पडतात. उशीर झालाच असेल तर 90 बाय 100 इंचांच्या डबलचा हट्ट सोडा, 60 बाय 90 ची सिंगल नीट शिवून द्या.