व्हिडिओ कॉलवर आजीची फिजिओथेरपी: या चुका टाळा

गुडघा बदलून घरी आल्यावर रोज फिजिओकडे नेणं जमत नाही, म्हणून बरेच जण आता व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेतात. पद्धत चांगली आहे. अडतं ते कॅमेऱ्यासमोर काय येतं आणि काय येत नाही, तिथे.

पहिला घोळ फोन धरण्याचा. नातू फोन हातात घेऊन उभा, आणि फिजिओला दिसतो आजीचा चेहरा आणि वरचा पंखा. फोन आडवा करून स्टुलावर टेकवा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला येऊ द्या. खुर्ची सात-आठ फुटांवर आणि बाजूने दिसेल अशी ठेवा. समोरून पाहिलं तर गुडघा ७० अंश वाकला की ९०, कळत नाही. मागे खिडकी नको. गाऊन गुडघ्याच्या वर घ्यायला आजी लाजत असेल तर सैल हाफ पँट द्या.

खुर्ची हातांची, जड आणि भिंतीला टेकलेली हवी. प्लास्टिकची नको. पायपुसणी उचला. घरातलं कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहा, कारण तोल गेला तर फिजिओ स्क्रीनमधून काय धरणार?

सगळ्यात महाग पडते ती गुडघ्याखालची उशी. बरं वाटतं म्हणून ती दिवसभर असते, कॉलच्या आधी काढली जाते, त्यामुळे फिजिओला दिसतच नाही. मग पाय पूर्ण सरळ होईना, अशी तक्रार सुरू होते. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली द्या, आणि उशीबद्दल फिजिओला स्वतःहून सांगा.

घड्याळावर पावलं कमी दिसली म्हणून आजीला बोलू नका. वॉकर धरला की हात हलत नाही, आणि मनगटावरचं घड्याळ हाताच्या हालचालीवरूनच पावलं मोजतं. नाडीचंही तसंच: रक्तदाबाची मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, आणि ॲप म्हणतं मेहनत कमी पडली. त्यापेक्षा व्यायाम करताना सलग बोलता येतंय का ते बघा.

‘कळलं का?’ विचारलं की कमी ऐकू येणारी माणसं हमखास मान डोलावतात. करून दाखवायला सांगा. टीव्ही बंद ठेवा.

पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला तर पुढच्या कॉलची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८ ला फोन करा.